इनोव्हेशन वीकच्या आधी माझ्या लॉकरमधली एक वस्तू बघा

मा. मॅनेजिंग डायरेक्टर साहेब आणि इनोव्हेशन कमिटीतले सगळे मेंबर, नमस्कार.

मी तुमच्याच एलबीएस मार्गावरच्या कारखान्यात पंपाच्या असेंब्लीवर आणि टेस्ट बेडवर, म्हणजे बांधलेला पंप चालवून तपासतात तिथे, सुपरवायझर आहे. नाव लिहीत नाही, पण टेस्ट बेडला सुपरवायझर तीनच आणि त्यात मिशीवाला मी एकटा, तेव्हा ओळखायला वेळ लागणार नाही. आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून आलो त्याला आता ३३ वर्षं झाली, अजून चार महिन्यांनी रिटायर. म्हणजे आता मेमो देऊन काही फायदा नाही, आणि खरं सांगू का, म्हणूनच लिहितोय, आधी हिंमत नव्हती. कंपनीचं नाव, पंपाचा नंबर, कुठल्या जहाजावर काय जातं, यातलं काही इथे येणार नाही, तेवढी अक्कल मला आहे.

गेल्या सोमवारी कॅन्टीनच्या बाहेर बॅनर लागला. इनोव्हेशन वीक. बल्बचं चित्र आणि बल्बच्या आत मेंदू. खाली स्कॅन करायचा कोड, स्कॅन केलं की फॉर्म उघडतो, फॉर्मला ११ रकाने आणि त्यातला सातवा ‘अपेक्षित वार्षिक बचत (रुपयांत)’. आमच्या एका फिटरने माझ्यासमोर फॉर्म उघडला, सातव्या रकान्यापर्यंत गेला, मग मोबाईल खिशात टाकून चहा घ्यायला निघून गेला. वर टार्गेट आहेच, माणशी महिन्याला एक आयडिया, म्हणजे माझ्या शॉपमधून २२. जातील साहेब, २२ जातील, काळजी करू नका. पंख्याची दिशा बदला, ट्रॉलीला पिवळा रंग द्या, हेल्मेट ठेवायला रॅक करा. मागच्या वर्षीपण अशाच गेल्या होत्या आणि पहिल्या नंबरला ब्लूटूथ स्पीकर भेटला होता.

तुम्हाला वाटतंय की शॉपमध्ये आयडिया नाहीत म्हणून कल्चर आणायला लागेल. उलट आहे हो. आयडिया आहेत, पण त्या लॉकरमध्ये आहेत आणि वर कुलूप आहे. त्यातल्या एकीची गोष्ट सांगतो, थोडी लांब आहे, पण वाचा.

समुद्राच्या पाण्याच्या पंपात शाफ्टवर मेकॅनिकल सील बसतं. ऑफिसमधल्या लोकांसाठी सांगतो, दोन चकत्या असतात, एक शाफ्टबरोबर फिरते, एक जागेवर राहते, दोघींची तोंडं आरशासारखी घासलेली आणि एकमेकींना टेकलेली. फिरणाऱ्या चकतीच्या आत रबराची ओ-रिंग, ती शाफ्टला धरून बसते. आता ही ओ-रिंग शाफ्टवरून सरकवत आत न्यायची तर वाटेत की-वे लागतो, म्हणजे ‘की’ नावाची लोखंडी पट्टी बसवायला कापलेली खाच, आणि त्या खाचेची कड. ड्रॉइंगमध्ये कड मारायला, म्हणजे घासून बोथट करायला, सांगितलेली आहे, मशीन शॉप मारतंपण, पण महिनाअखेरची मारलेली कड आणि पाच तारखेची मारलेली कड यात फरक असतो हे तुम्हाला कोणीही सांगेल. ओ-रिंगला केसाएवढा काप पडतो. डोळ्याला दिसत नाही, बोटालाही लागत नाही. पंप अख्खा बांधून होतो, बेडवर चढतो, प्रेशर दिलं की दहा मिनिटांनी खाली टिप, टिप. मग सगळं खोला. खोलायला आणि परत बांधायला दोन माणसांची अख्खी शिफ्ट जाते.

आमच्याकडे एक फिटर होता, कोकणातला, दिवसाला चार वाक्यं बोलणारा. त्याने भंगारातून नायलॉनच्या रॉडचा तुकडा उचलला, टर्नरला चहा पाजला आणि लेथवर एक टोपी करून घेतली. पुढून निमुळती, मागे पातळ बाही, अशी की ती शाफ्टवर चढवली की खाच झाकली जाते. ओ-रिंग त्या बाहीवरून सरकते, खाचेला शिवतच नाही, मग टोपी काढून घ्यायची. झालं. अर्ध्या तासाचं लेथचं काम आणि भंगारातलं मटेरियल. शॉपमध्ये तिचं नाव पडलं ‘बुलेट’. असली टोपी जगात पहिल्यांदा त्यानेच केली असं मी म्हणत नाही, सील बसवणारे लोक असं काहीतरी वापरतात हे मला नंतर कळलं, पण आमच्या प्रोसीजरमध्ये ती नव्हती आणि त्याला ती कोणी शिकवलेली नव्हती. त्यानंतर कितीतरी महिने सील गळालं म्हणून पंप खोलल्याचं मला आठवत नाही.

मग ऑडिट आलं. ऑडिटच्या आदल्या दिवशी आमच्याकडे एक काम असतं जे कुठल्याच प्रोसीजरमध्ये लिहिलेलं नाही, लपवालपवीचं. घरी वाकवलेले पाने, पत्र्याचे गेज, सायकलच्या स्पोकचे हूक, सगळं लॉकरमध्ये जातं. त्या दिवशी बुलेट बेंचवर राहिली. ऑडिटरने उचलली, विचारलं, ह्याचा टूल नंबर काय, ड्रॉइंग कुठे आहे, ही वापरायची असं प्रोसीजरच्या कुठल्या स्टेपला लिहिलंय. मॅनेजर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, माहीत नाही सर कोणाची आहे.

हे मी म्हणालो. दोन वर्षं बुलेट माझ्या डोळ्यासमोर वापरली जात होती आणि मी म्हणालो माहीत नाही. तो फिटर शेजारीच उभा होता, तोच पुढे आला आणि म्हणाला माझी आहे. एनसीआर, म्हणजे नियमाबाहेरचं सापडलं असा रिपोर्ट, फाटली, त्याला मेमो मिळाला आणि मेमोवर सुपरवायझर म्हणून खाली सही माझी आहे. तो काहीच बोलला नाही, नेहमीसारखाच. पण त्यानंतर त्याने नवीन काही केलं नाही, आणि त्याच्याकडे बघून बाकीच्यांनीपण नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ऑडिटर चुकला असं मला वाटत नाही. आपला माल जहाजात खाली, वॉटरलाइनच्या खाली बसतो, तिथे पोरं ड्यूटी करतात, त्यामुळे कोणीही उठावं आणि मनाला येईल ते टूल वापरावं हे चालायला नकोच. नायलॉनचा बारीक सालपा सीलमध्ये राहिला असता तर? हा प्रश्न बरोबरच आहे. फक्त तो प्रश्न विचारून, टेस्ट करून, हो किंवा नाही सांगणारं आपल्याकडे कोणी नव्हतं. होता तो फक्त मेमो.

नंतर मला लाज वाटली म्हणून मी बुलेटचा रीतसर प्रपोजल टाकला. फाइल टूल डिझाइनकडे गेली, ते म्हणाले टूल आमचं पण असेंब्लीची स्टेप बदलते, क्वालिटीला विचारा. क्वालिटी म्हणालं स्टेप बदलली की क्वालिटी अशुरन्स प्लॅन बदलतो, तो कस्टमरच्या सहीचा आहे, सही मागायला गेलो तर ते विचारणार इतकी वर्षं काय करत होतात. म्हणून फाइल मार्केटिंगकडे, कस्टमरला कसं सांगायचं ते ठरवायला. १४ महिन्यांनी फाइल माझ्याकडे परत आली, वर पेन्सिलने एकच ओळ, ‘बचत रुपयांत किती ते लिहा.’

आणि इथे खरी गंमत आहे साहेब, ही गोष्ट तुम्हाला कुठल्याही कन्सल्टंटने सांगितली नसेल. मी बचत काढायला बसलो. त्यासाठी बुलेटच्या आधी किती पंप गळले तो आकडा पाहिजे. रजिस्टर काढलं. रजिस्टरमध्ये एकही पंप गळालेला नाही! कारण गळला की ‘फर्स्ट टाइम राइट’चा, म्हणजे पहिल्याच टेस्टला किती पंप पास झाले त्याचा, ग्राफ लाल होतो, ग्राफ लाल झाला की सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरची चंपी होते, म्हणून गळलेला पंप सेकंड शिफ्टला गुपचूप खोलायचा, बांधायचा आणि सकाळी पहिल्या टेस्टला पास दाखवायचा. मीच दाखवायचो. आता जो पंप कधी गळलाच नाही त्याच्या न गळण्याची बचत काय लिहू? शून्य?

एवढंच म्हणायचंय मला, बाकीचं पत्र त्याच्या अवतीभवती आहे. ज्या शॉपमध्ये चूक लिहिता येत नाही तिथे सुधारणा कशावर करणार. आधी गळती कागदावर येऊ दे, मग बल्ब लावा.

आपल्याकडे नेव्हीतून रिटायर होऊन आलेले एक साहेब होते, त्यांनी एकदा चहाच्या वेळी मार्क १४ टॉर्पेडोची गोष्ट सांगितली, मी नंतर घरी बसून सगळी वाचून काढली, डोकं फिरतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पाणबुड्या हा टॉर्पेडो मारायच्या आणि तो शत्रूच्या जहाजाच्या खालून निघून जायचा, नाहीतर आपटून पण फुटायचा नाही. कॅप्टन लोक कळवायचे, तर टॉर्पेडो बनवणारं खातं म्हणायचं तुमचा नेम चुकतोय. महाग म्हणून युद्धाआधी खरे टॉर्पेडो फोडून धड टेस्टच केलेले नव्हते. शेवटी जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात लॉकवूड नावाच्या ॲडमिरलने सरळ कोळ्यांचं जाळं पाण्यात सोडलं आणि त्याच्यावर टॉर्पेडो मारून जाळ्याला भोक कुठे पडतं ते मोजलं. सेटिंगपेक्षा सरासरी ११ फूट खाली! तरी खात्याला मान्य करायला ऑगस्ट उजाडला. आणि तेवढ्याने संपलं नाही. १९४३ मध्ये टिनोसा नावाच्या पाणबुडीने एका थांबलेल्या जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो मारले, नीट काटकोनात लागले आणि फुटले नाहीत, तेव्हा कॅप्टनने शेवटचा एक न मारता तपासायला परत आणला. मग हवाईत त्यांनी टॉर्पेडो कड्यावर मारून बघितले, क्रेनने उंचावरून खाली सोडून बघितले, तेव्हा सापडलं की सरळ आपटल्यावर आतली फायरिंग पिन अडकते. नवीन हलकी पिन कुठे बनली माहितीये का, पर्ल हार्बरच्या वर्कशॉपमध्ये. म्हणजे फिटर आणि टर्नर लोकांनी. मला त्यातला सगळ्यात जास्त कोण आवडला असेल तर तो एक टॉर्पेडो परत आणणारा कॅप्टन. आपल्याकडे तो असता तर त्याला विचारलं असतं, एक कमी मारलास, टार्गेट का पूर्ण केलं नाहीस.

लांब कशाला जायचं, माझगाव डॉक आपल्यापासून तासाभरावर आहे. तिथे ब्रिटिश लिअँडर डिझाइनवर आयएनएस निलगिरी बांधली, १९७२ मध्ये नेव्हीत आली, देशात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका. पुढे त्याच डिझाइनच्या आणखी पाच. पण सहा बोटी झेरॉक्स मारल्यासारख्या नाहीत काढल्या, १९८० ची तारागिरी आणि १९८१ ची विंध्यगिरी बघा, मूळ डिझाइन छोट्या हेलिकॉप्टरचं, ह्या दोघींवर मोठं सी किंग बसवलं. आणि १९८३ मध्ये आलेली गोदावरी तर आपल्याच लोकांनी डिझाइन केलेली, तिच्यावर दोन सी किंग, आणि हत्यारं नि सेन्सर काही रशियन, काही पाश्चिमात्य, काही आपले, एकमेकांची भाषा न समजणारी मशीन एका बोटीत नांदवली. प्रत्येक बोटीवर मागच्या बोटीतलं शिकलेलं काहीतरी चढत गेलं. आपण मात्र तोच पंप वर्षानुवर्षं जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवर काढतो आणि कोणी विचारलं की म्हणतो ‘प्रूव्हन डिझाइन’.

आता बाहेर वारंपण बदललंय, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाची १०१ वस्तूंची यादी आली की ह्या बाहेरून आणायच्या नाहीत. आयडेक्स, संरक्षण मंत्रालयाची नवीन कंपन्यांसाठीची योजना, २०१८ पासून चालू आहे, त्यात ग्रँट घेऊन चार-पाच पोरांच्या कंपन्या नेव्हीसाठी नवीन वस्तू करून दाखवतायत. मेक-टू म्हणून खरेदीचा दुसरा मार्ग आहे, त्यात तर प्रोटोटाइपचा, म्हणजे पहिल्या नमुन्याचा, खर्च कंपनीनेच करायचा. म्हणजे कस्टमर ड्रॉइंग देईल आणि आपण बनवू हे दिवस चालले. अशा वेळी ज्या शॉपला स्वतःहून एक टोपी करायची परवानगी नाही ते शॉप प्रोटोटाइप कसा करणार, हे मला कोणीतरी समजावून सांगा. आणि एल-वनवर सील घ्यायचं, सगळ्यात स्वस्त वेंडरचं, आणि मग गळलं की फिटरचा हात खराब, हेपण बंद करा, पण तो वेगळा विषय आहे, त्यावर लिहायला घेतलं तर रिटायरमेंटपर्यंत पुरेल.

मागता काय ते सांगा असं म्हणाल, तर जास्त काही नाही. स्टोअरच्या मागे ताडपत्रीखाली एक रिजेक्ट पंप बॉडी पडलेली आहे, कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे आत हवेची पोकळी, निघालेली, तीन पावसाळे खाल्ले तिने. ती आम्हाला द्या. टेस्ट बेडच्या कोपऱ्यात बसवू, वर लाल रंगाने ‘ट्रायल’ लिहू म्हणजे चुकून कधी डिस्पॅचला जाणार नाही. जे काही डोक्यात येईल ते तिच्यावर करून बघायचं, तुटलं तर तुटलं, जहाजाच्या मालाला हात लावायचा नाही. शुक्रवारी सेकंड हाफला दोन तास, आणि ते दोन तास प्रॉडक्शनच्या टार्गेटमधून खरोखर वजा करा, नाहीतर पोरं ओव्हरटाइममध्ये करतील आणि मग करणारच नाहीत. आणि जे टूल मालाबरोबर जात नाही, इथेच राहतं, त्याला हो-नाही म्हणायचा अधिकार शॉपमध्येच बसलेल्या एका क्वालिटीच्या माणसाला द्या, आठ दिवसांची मुदत घालून. नाही म्हणाला तरी चालेल, का नाही ते लिहून दे म्हणावं. १४ महिन्यांनी पेन्सिलची ओळ नको. आणि तो ग्राफ लाल होऊ दे एकदा. पहिले तीन महिने भयानक लाल होईल, तेव्हा सोमवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही स्वतः बसा आणि कोणाची चंपी करू नका, हे बॅनरपेक्षा स्वस्त पडेल.

अजून एक, हे राहून जाईल. फिटर लोकांना बोटीवर पाठवा. ३३ वर्षांत मी फक्त एकदा गॅरंटी डिफेक्टसाठी नेव्हल डॉकयार्डमध्ये बोटीवर गेलोय. आपला पंप मी तोपर्यंत फक्त टेस्ट बेडवर बघितलेला, चारही बाजूंनी मोकळा. बोटीवर तो भिंतीला चिकटून, वर पाइप, बाजूला केबल ट्रे, आणि ड्रेन प्लग नेमका भिंतीकडे तोंड करून. तिथला सेलर पोरगा प्लग खोलायला जमिनीवर आडवा झाला आणि त्याने खिशातून एक पाना काढला, अर्धा कापून वाकडा वेल्ड केलेला, बाहेर तापमान मे महिन्याचं आणि आत विचारू नका. मी त्याला विचारलं हा कुठून आणला. तो हसला, म्हणाला, सर, ऑडिटच्या वेळी लपवतो. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. परत येऊन प्लग दुसऱ्या बाजूला घ्या म्हणून लिहिलं, तर उत्तर आलं की असं बोटीवरचं काही लिहू नका, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. प्लगची बाजू! गुप्तता पाहिजेच, पण शेजारच्या डिपार्टमेंटला न सांगायला तिचं निमित्त करणं म्हणजे आळस, दुसरं काही नाही.

मागच्या खंडेनवमीला तुम्ही शॉपमध्ये आला होतात, आठवत असेल. बेंचवर मायक्रोमीटर, डायल गेज, पाने सगळं पाटावर मांडलेलं, झेंडूची फुलं, हळद-कुंकू. तुम्ही पण फूल वाहिलंत. त्या पाटावर डाव्या कोपऱ्यात एक मळकी पांढरी नायलॉनची टोपी होती, तिच्यावरही कुंकू होतं. ती बुलेट. ऑडिटला चालत नाही, पूजेला चालते. तो फिटर दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन गावी गेला, जाताना मला देऊन गेला, म्हणाला ठेवा, लागेल. अजून लागते. रोज सकाळी मी ती लॉकरमधून काढून देतो आणि संध्याकाळी मोजून परत घेतो.

आता माझा नो ड्यूजचा फॉर्म आलाय. टूल क्रिबच्या, म्हणजे टूल्स देणाऱ्या-घेणाऱ्या स्टोअरच्या, रकान्यात लिहायचंय की कंपनीची कुठली टूल्स माझ्याकडे आहेत आणि ती कोणाकडे जमा केली. बुलेटला टूल नंबर नाही, म्हणजे क्रिबवाला घेणार नाही. घरी घेऊन जावी तर गेटवर सिक्युरिटी विचारणार, आणि ती गेली तर सोमवारी पंप बांधणार कसे. कमिटीची मीटिंग गुरुवारी आहे असं ऐकलं. ही वस्तू कुठल्या नावाने, कोणाकडे जमा करू तेवढं त्या मीटिंगमध्ये ठरवून कळवा. लॉकर टेस्ट बेडच्या मागच्या रांगेत, खालून दुसरा. चावी माझ्याकडेच आहे.

आपला,
टेस्ट बेडचा मिशीवाला सुपरवायझर